भ्रमणध्वनीची दुबार पेरणी

(बी. ए. द्वितीय वर्ष)

कलाशाखेच्या विद्यार्थिनीने असल्या यांत्रिक विषयावर लेखणी चालवावी, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. माझे विषय मराठी, इतिहास आणि राज्यशास्त्र. संगणकाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही आणि आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच आहे. तरीही गेल्या पावसाळ्यात एका जुन्या फोनने मला जे शिकवले, ते एखाद्या पुस्तकाच्या तोडीचे आहे असे मला वाटते. आपल्या महाविद्यालयात देवळीच्या आसपासच्या गावांतून येणारी बहुतेक मुले जुनेच फोन वापरतात. त्यांच्यापैकी कोणी माझ्याच वाटेने जाणार असेल, तर त्याने निदान माझे खड्डे टाळावेत, एवढ्यासाठी हा लेख.

प्रसंग

बाबांनी २०१७ साली कापूस विकून आलेल्या पैशातून एक फोन घेतला होता. त्यात अँड्रॉइड या प्रणालीची सातवी आवृत्ती होती. दोनेक वर्षांनी कंपनीकडून सुधारणा येणे थांबले. फोन चालत होता, काच शाबूत होती, बॅटरी एकदा बदललेली होती. पण २०२४ च्या खरिपात शेतातल्या पिकाची नोंद ज्या ॲपवर करायची, ते त्या फोनवर चढेना. "तुमचे उपकरण या आवृत्तीशी सुसंगत नाही" एवढेच वाक्य पुनःपुन्हा यायचे. नोंदीची मुदत जवळ आलेली होती. नोंद नसेल तर पुढे नुकसानभरपाईच्या वेळी अडचण, हे बाबांना पक्के ठाऊक होते. नवा फोन घ्यायचा तर आठ-दहा हजार रुपये हवेत आणि ते बियाणे-खतात गेलेले. शेजाऱ्याच्या फोनवरून नोंद करता आली असती. पण दरवर्षी दुसऱ्याच्या दारात जाणे बाबांना आवडत नाही.

मी कोठेतरी वाचले होते की, कंपनीने सोडून दिलेल्या फोनवर दुसऱ्यांनी तयार केलेली नवी प्रणाली चढवता येते. मी बाबांना म्हटले, "दोन दिवस फोन मला द्या." त्यांनी दिला. त्या दोन दिवसांचे पुढे नऊ दिवस झाले.

फर्मवेअर म्हणजे काय?

यंत्राच्या आत कायम वस्तीला असलेल्या आज्ञावलीला फर्मवेअर म्हणतात. फोन सुरू करताना एका क्षणात किती जणांची पाळी येऊन जाते, हे आपल्या ध्यानात येत नाही. प्रथम चिपच्या आत कारखान्यातच कोरलेला छोटा कार्यक्रम जागा होतो. तो 'बूटलोडर'ला उठवतो. बूटलोडर हा दारावरचा पहारेकरी होय. आत जाणाऱ्याची ओळख पटवून तो 'कर्नल'ला आत सोडतो. कर्नल म्हणजे यंत्र आणि माणूस यांमधला दुभाषी. काचेवरचा स्पर्श, ध्वनी, कॅमेरा ही सगळी कामे त्याच्यामार्फत चालतात. सर्वांत शेवटी आपल्याला दिसणारी प्रणाली पडद्यावर येते.

फोनची स्मृतीही घरासारखी खोल्याखोल्यांची असते. 'बूट' या खोलीत कर्नल, 'सिस्टिम'मध्ये मुख्य प्रणाली, 'डेटा'मध्ये आपली छायाचित्रे व ॲप, 'मोडेम'मध्ये दूरध्वनीच्या लहरी सांभाळणारी आज्ञावली. 'रिकव्हरी' ही आणीबाणीची खोली. मुख्य घर कोसळले तरी तिच्यात शिरून डागडुजी करता येते. काही नव्या फोनांत रिकव्हरी वेगळी नसून बूटच्याच खोलीत सामावलेली असते. आणखी एक लहानशी खोली असते; तिच्यात फोनचा ओळखक्रमांक आणि लहरींचे मोजमाप जपून ठेवलेले असते. ही खोलीखोलीची रचना समजली नाही म्हणूनच माझे पहिले पाच दिवस वाया गेले.

थोडा इतिहास

अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ साली बाजारात आला. या प्रणालीचा गाभा सर्वांना खुला आहे आणि तिचा कर्नल लिनक्सचा आहे. लिनक्सच्या परवान्याची अटच अशी की, तो वापरून वस्तू विकणाऱ्याने कर्नलमधले आपले फेरफार खुले करावेत. या खुलेपणामुळे २००९ साली स्टीव्ह काँडिक यांनी सुरू केलेली सायनोजेनमॉड ही प्रणाली जगभर पसरली. कंपनीने सोडून दिलेल्या कित्येक फोनांना तिने आयुष्य दिले. डिसेंबर २०१६ मध्ये ती बंद पडली. तिच्याच कार्यकर्त्यांनी लगेच लिनेजओएस नावाने काम पुढे चालू ठेवले आणि ते आजही चालू आहे.

आपल्या देशाचाही या कथेत भाग आहे. २०१४ च्या अखेरीस सायनोजेनची प्रणाली भारतात कोणी वापरायची, यावरून वनप्लस आणि मायक्रोमॅक्स या कंपन्यांचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला होता. मुंबई आयआयटीच्या माजी विद्यार्थ्यांनी अँड्रॉइडच्या गाभ्यावर भारतीय भाषांसाठी प्रणाली उभारली. प्रथम तिचे नाव फर्स्टटच होते, पुढे ती इंडस ओएस म्हणून ओळखली गेली. २०१५ साली मायक्रोमॅक्सच्या फोनावर ती मराठीसह अनेक भाषांत आली. तेव्हा प्रणाली बदलणे हा केवळ परदेशी पोरांचा उद्योग नाही. 'माझ्या भाषेत, माझ्या गरजेप्रमाणे यंत्र चालावे' ही इच्छा आपल्याकडेही होती.

कुलूप आणि मालकी

कारखान्यातून येताना बूटलोडरला कुलूप असते. कंपनीची सही नसलेली प्रणाली तो आत घेत नाही. हे कुलूप निष्कारण नाही. चोराने फोन पळवला, तर त्याला दुसरी प्रणाली घालून आतली माहिती काढता येऊ नये, हा त्यामागचा हेतू आहे. काही कंपन्या अर्ज केल्यावर, काही दिवस थांबवून, कुलूप उघडू देतात. काही मुळीच देत नाहीत. कुलूप उघडताच 'डेटा' ही खोली पूर्ण पुसली जाते. ही सूचना पडद्यावर स्पष्ट येते. मीही ती वाचली होती. वाचली आणि समजली यांत फरक असतो, तो पुढे कळला.

येथे एका गैरसमजाचा उलगडा करते. 'रूट करणे' आणि 'नवी प्रणाली घालणे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लिनक्समध्ये 'रूट' हा सर्वाधिकारी वापरकर्ता असतो. तो काहीही वाचू, बदलू, पुसू शकतो. फोनच्या मालकाला हा अधिकार सहसा दिलेला नसतो. तो मिळवणे म्हणजे रूट करणे. जॉन वू यांनी २०१६ साली आणलेले मॅजिस्क हे साधन त्यासाठी प्रसिद्ध आहे. ते मुख्य प्रणालीला हात न लावता केवळ बूटच्या प्रतिमेत फेरफार करते. नवी प्रणाली घालायला मात्र रूटची आवश्यकता नसते. उघडलेला बूटलोडर आणि योग्य रिकव्हरी एवढे पुरते. मला हे ठाऊक नव्हते. बसस्थानकाजवळच्या दुकानातल्या मुलाने "ताई, आधी रूट कर" म्हटले, म्हणून मी ते केले आणि एक जास्तीची भानगड ओढवून घेतली.

माझ्या चुका, क्रमाने

पहिली अडचण अगदी साधी होती. मामेभावाच्या जुन्या लॅपटॉपला फोन दिसतच नव्हता. मी फोनवर 'बिल्ड क्रमांका'वर सात वेळा बोट ठेवून विकसकांचे पर्याय उघडले, यूएसबी डीबगिंग सुरू केले, तरी नाही. कारण निघाले तारेचे. ती नुसती चार्जिंगची तार होती. माहिती वाहून नेणारे धागे तिच्यात नव्हतेच. तार बदलल्यावर फोन दिसला. पण बूटलोडरच्या 'फास्टबूट' अवस्थेत गेल्यावर पुन्हा गायब! त्या अवस्थेसाठी विंडोजला वेगळा ड्रायव्हर लागतो. येथे पहिला धडा मिळाला: बिघाड फोनमध्येच आहे असे धरून चालू नये. फोन, तार, खाच, संगणक असे एकेक बदलून पाहावे. एका वेळी दोन गोष्टी बदलू नयेत.

दुसरी चूक मोठी होती. कुलूप उघडण्यापूर्वी मी छायाचित्रे मेमरी कार्डावर उतरवली. जिनिंगच्या काटापट्ट्या, सातबारा, बँकेच्या पासबुकाची पाने, सर्व काही. नंबर मात्र राहिले. बाबांचे दीडशेच्या वर नंबर फोनच्या स्मृतीत होते. सिमवर नव्हते, कोठल्याही खात्यात नव्हते. कुलूप उघडले आणि ते सगळे गेले. ट्रॅक्टरवाला, बोअरवाला, पुलगावची आत्या, यवतमाळचे काका, फवारणीला येणारी माणसे. त्या रात्री मला जेवण गेले नाही.

तिसरी चूक ही अज्ञानाची नव्हती, घाईची होती. मी टीडब्ल्यूआरपी नावाची रिकव्हरी घातली आणि तिच्यातून नवी प्रणाली चढवू लागले. 'एरर ७' असा संदेश आला. याचा अर्थ सरळ आहे. प्रणालीच्या गठ्ठ्यात आरंभीच एक तपासणी असते: "हा गठ्ठा अमुक फोनसाठी आहे, तुमचा फोन तमुक आहे." नाव जुळले नाही की काम थांबते. पुष्कळ जण सुचवतात की, गठ्ठा उघडून तपासणीची ती ओळच काढून टाकावी. मी काढली. गठ्ठा चढला, फोन बोधचिन्हावर अडकला आणि अर्धा तास तेथेच राहिला.

झाले असे होते की, माझ्या फोनच्या नावाचे दोन प्रकार बाजारात होते. बाहेरून जवळजवळ सारखे, आतली चिप वेगळी. जाहिरातीतले नाव एक, पण कारखान्यातले सांकेतिक नाव दोन. तपासणी मला वाचवू पाहत होती आणि मी पहारेकऱ्यालाच घरी पाठवले होते. एरर ७ दर वेळी चुकीच्या गठ्ठ्यामुळेच येतो असे नाही. कधी रिकव्हरी जुनी असते, कधी फोनमधले मूळ फर्मवेअर जुने असते. पण आधी सांकेतिक नाव पडताळावे. ओळ पुसणे हा उपाय नव्हे.

फोन मेला की झोपला?

या ठिकाणी मी रडकुंडीला आले होते. मग कागदावर खोल्यांचे चित्र काढले. माझ्या गठ्ठ्याने कोणत्या खोल्यांना हात लावला? बूट आणि सिस्टिम. रिकव्हरीला लावला का? नाही. मग ती शाबूत असली पाहिजे. आवाज वाढवण्याची कळ आणि चालू करण्याची कळ एकत्र दाबून धरली. रिकव्हरी उघडली! तेव्हापासून मी हे सूत्र मानते: जोवर रिकव्हरी किंवा फास्टबूट यांपैकी एक दिसते, तोवर फोन मेलेला नाही. दोन्ही दिसत नसतील, तर काही चिपांना त्याहूनही खालची आणीबाणीची अवस्था असते. क्वालकॉमच्या चिपांत तिला ईडीएल म्हणतात. पण तेथे जाणकाराचाच हात लागावा.

योग्य सांकेतिक नावाची लिनेजओएसची विसावी आवृत्ती, म्हणजे अँड्रॉइड १३, मी उतरवून घेतली. रोजचा इंटरनेटचा कोटा मर्यादित, त्यामुळे या एका कामाला दोन रात्री लागल्या. या वेळी 'चेकसम'ही ताडून पाहिला. गठ्ठ्यातल्या प्रत्येक अक्षरावर हिशेब करून निघणारी ती लांबलचक संख्या असते. उतरवताना एक अक्षर जरी बिघडले तरी संख्या पूर्ण बदलते. ती जुळली, म्हणजे गठ्ठा अखंड.

तरीही फोन सुरू होईना. बोधचिन्ह यायचे, फिरायचे, फोन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. यालाच 'बूटलूप' म्हणतात. शेवटी हिंमत करून मी बाबांना सांगितले. ते गोठ्यातून आले होते, हातात वैरणीचा कचरा होता.

"काहून वो, गेला का कामातून?"

मी म्हटले, "बाबा, नवी घातली, पण उगवत नाही."

ते खाटेवर बसले. म्हणाले, "घाबरू नोको. पेरणी उलटली तं दुबार पेरतोच न आपण. पण पह्यले वखर मारला का? जुनं तसंच ठेवून वरून पेरलं तं काय उगवन?"

बाबांना फोनमधले काही कळत नाही. पण त्यांच्या प्रश्नाने मी दचकले. वखर मी मारलाच नव्हता. सिस्टिम पुसली होती. डेटाची खोली तशीच होती. तिच्यात जुन्या प्रणालीचे अवशेष होते आणि ती खोली जुन्या किल्लीने कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक लिपीत होती. रिकव्हरीत अंतर्गत साठा '० एमबी' दिसत होता, तो याच कारणाने. नवी प्रणाली जुन्या किल्लीची खोली उघडू पाहत होती आणि दर वेळी कोसळत होती. येथे नुसते 'वाइप' पुरत नाही. 'फॉर्मॅट डेटा' निवडून पडद्यावर होकार टंकावा लागतो, तेव्हा ती खोली नव्याने बांधली जाते.

मी वखर मारला. प्रणाली चढवली. तिच्या पाठोपाठ, फोन एकदाही सुरू न करता, गुगलच्या ॲपांचा गठ्ठा चढवला. हा क्रमही महत्त्वाचा आहे. प्रणाली एकदा सुरू होऊन गेल्यावर तो गठ्ठा चढवला, किंवा तो दुसऱ्या अँड्रॉइड आवृत्तीचा वा दुसऱ्या जातीच्या चिपचा असला, तर पुन्हा बूटलूप ठरलेला. पहिल्यांदा सुरू व्हायला दहा-बारा मिनिटे लागली. याही वेळी अडकला असे समजून मी कळ दाबणार होते. आईने हात धरला. मग पडदा उजळला आणि मराठी भाषा निवडण्याचा पर्याय आला.

शेवटची गाठ: आवाज नाही

आनंद तासभरच टिकला. दोन्ही सिमांना रेंज नव्हती. येथे मी पूर्वीची घाई केली नाही. *#०६# दाबले; दोन्ही ओळखक्रमांक दिसले आणि खोक्यावरच्या क्रमांकांशी जुळले. याचा अर्थ ओळखक्रमांकाची खोली शाबूत होती. मग राहिला तो मोडेम. नवी प्रणाली अँड्रॉइड १३ ची आणि मोडेमची आज्ञावली २०१७ ची. कंपनीने त्याच फोनसाठी दिलेल्या शेवटच्या अधिकृत आवृत्तीतला मोडेम चढवला आणि रेंज आली.

ओळखक्रमांक दिसला नसता तर? तर आधी जपून ठेवलेली त्या खोलीची नक्कल परत घालणे, नाहीतर अधिकृत सेवा केंद्र गाठणे, एवढेच मार्ग आहेत. काही जण कोणताही क्रमांक टाकून द्यायला सांगतात. ते करू नये. ओळखक्रमांकात फेरफार करणे हा गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे.

लक्षणे, कारणे आणि उपाय

सोयीसाठी सर्व अनुभव व नंतर वाचून कळलेले येथे एकत्र मांडते.

१. संगणकाला फोन दिसत नाही: तार, खाच व ड्रायव्हर या क्रमाने तपासावे. फोनच्या पडद्यावर परवानगीचा प्रश्न आला असल्यास त्याला होकार द्यावा.

२. रिकव्हरी घातली, पण पुन्हा जुनीच दिसते: मूळ प्रणाली सुरू होताना आपली रिकव्हरी परत लिहिते. म्हणून रिकव्हरी घातल्यावर फोन नेहमीसारखा सुरू न करता कळा दाबून थेट तिच्यातच जावे.

३. एरर ७: सांकेतिक नाव, रिकव्हरीची आवृत्ती, मूळ फर्मवेअर या क्रमाने पडताळावे.

४. अंतर्गत साठा शून्य दिसतो: खोली सांकेतिक लिपीत आहे. नक्कल घेतली असल्याची खात्री करून फॉर्मॅट करावे.

५. बूटलूप: पहिल्या वेळी पंधरा-वीस मिनिटे धीर धरावा. मग डेटा फॉर्मॅट करून सर्व पुन्हा चढवावे.

६. मॅजिस्कचा एखादा जोडभाग घातल्यावर बूटलूप: 'सेफ मोड'मध्ये एकदा सुरू केल्यास जोडभाग बंद होतात. नाहीतर बूटची मूळ प्रतिमा फास्टबूटमधून परत घालावी.

७. रेंज नाही: आधी ओळखक्रमांक पाहावा, मग मोडेम.

८. बँकेचे ॲप उघडत नाही: हा बिघाड नव्हे. बूटलोडर उघडा असल्याचे गुगलच्या प्ले इंटेग्रिटी तपासणीत कळते आणि ॲप नकार देते. फोनवरून पैशाचे व्यवहार करणाऱ्यांनी याचा विचार आधीच करावा.

सॅमसंगच्या फोनांची पद्धत निराळी आहे. तेथे फास्टबूटऐवजी 'डाउनलोड मोड' आणि संगणकावर ओडिन हे साधन लागते. अनधिकृत प्रणाली एकदा चढली की नॉक्सची खूण कायमची बदलते. मूळ प्रणाली परत घातली तरी ती पूर्ववत होत नाही.

तीन धोके ठळक सांगते. दुसरी प्रणाली आत असताना बूटलोडर पुन्हा कुलूपबंद करू नये. पहारेकरी अनोळखी सही नाकारतो आणि फोन दगड होतो. काही फोनांत जुन्या आवृत्तीकडे परतण्यास चिपमध्येच बंदी असते. जुने फर्मवेअर घालण्यापूर्वी ते पाहावे. आणि काम चालू असताना बॅटरी अर्ध्याहून अधिक भरलेली हवी. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. लॅपटॉपची बॅटरीही भरलेली असू द्यावी.

हे करावे का?

प्राध्यापकांनी विचारावा असा हा प्रश्न आहे आणि माझे उत्तर सरसकट 'होय' असे नाही. कंपनीकडून अजून सुधारणा येत असतील, तर त्या सोडू नयेत. अँड्रॉइडच्या सुरक्षेची पत्रके २०१५ पासून दरमहा निघतात. ज्या फोनला त्या दुरुस्त्या मिळतात तो अधिक सुरक्षित. कोणा अनोळखी माणसाने बांधलेली प्रणाली घालणे म्हणजे घराची किल्ली परक्याच्या हाती देणे. लिनेजओएससारख्या, काम उघड्यावर चालणाऱ्या गटाचीच प्रणाली घ्यावी. मी स्वतः शेवटी रूट ठेवले नाही. बाबांना त्या अधिकाराचा उपयोग नव्हता आणि चुकून दिलेल्या एका परवानगीने घात झाला असता.

पण जो फोन कंपनीने सोडला आणि जो अन्यथा कचऱ्यात जाणार, त्याच्या बाबतीत उत्तर वेगळे आहे. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. २०२२ साली केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समितीही नेमली. तथापि हा विचार आपल्या जिल्ह्याला नवा नाही. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. त्याच्या अटी इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी वाचाव्यात अशा आहेत. चरखा झोपडीत चालावा, किंमत दीडशे रुपयांच्या वर नसावी, वीस वर्षे टिकावा आणि वर्षाच्या दुरुस्तीचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून अधिक होऊ नये. यंत्र विकत घेतानाच त्याच्या वीस वर्षांच्या दुरुस्तीचा विचार! वर्धेचे मगन संग्रहालय १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडले. देवळीपासून ते वीस किलोमीटरच्या आत आहे. चरख्याला जी अट लागू होती, ती फोनला का नसावी? दोन वर्षांत सोडून दिले जाणारे यंत्र शेतकऱ्याने किती वेळा विकत घ्यायचे?

उपसंहार

पिकाची नोंद मुदतीत झाली. कपाशी आणि तूर, दोन्हींची. बाबांनी बांधावर उभे राहून स्वतः छायाचित्र काढले. ते थोडे तिरपे आले, पण ॲपने स्वीकारले.

नंबरांचे काय झाले, ते सांगायचे राहिले. कापूस साठवण्याच्या आमच्या खोलीत, दाराच्या मागच्या भिंतीवर, बाबांनी कोळशाने नंबर लिहून ठेवलेले आहेत. फोन घेतला त्याच्याही आधीपासूनचे. मी लहानपणापासून ती भिंत पाहत आले होते आणि अलीकडे तिची मला थोडी लाजच वाटायची. मैत्रिणी आल्या की मी ते दार उघडे ठेवून भिंत झाकत असे. त्या संध्याकाळी मी कंदील धरला, बाबा एकेक नंबर वाचत गेले आणि मी फोनमध्ये टाकत गेले. सत्तावन्न मिळाले. बाकीचे हळूहळू येत आहेत. ज्याचा फोन येतो त्याचे नाव विचारून लिहून घेतो. पुलगावच्या आत्याचा नंबर मात्र भिंतीवर सर्वांत वर होता.

आता आमच्याकडे एक वही आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी नवे नंबर तिच्यात उतरवते. भिंत पुसलेली नाही.

या लेखात काही चुका राहिल्या असतील, तर जाणकार प्राध्यापकांनी व मित्रमैत्रिणींनी त्या अवश्य दाखवून द्याव्यात. आणि ज्यांना आपल्या फोनवर हा प्रयोग करायचा असेल, त्यांनी आधी तार पाहावी, सांकेतिक नाव पाहावे आणि त्याहीआधी घरच्यांना विचारून नंबर कागदावर लिहून घ्यावेत.